देवडीवरचा पहारेकरी

संसारांत कांहीं वस्तु अशा असतात कीं, त्या विकत घेतांना घरांतील प्रत्येक माणूस आपलें मत देतो. आणि कांहीं अशा असतात कीं, त्यांविषयीं कोणासच मत नसतें. लुगडें, दागिना, शेगडी, गाडी ह्या पहिल्या वर्गांतल्या. दुसऱ्या वर्गाचें उत्तम उदाहरण म्हणजे राउटर नांवाची ती लहानशी पेटी होय. ती कोठें तरी कपाटाच्या माथ्यावर, धुळीनें माखलेली, हिरवे दिवे मिचकावीत पडलेली असते. ती घरांत आहे हें कोणाच्या ध्यानींमनींही नसतें. पण ती बंद पडली म्हणजे अर्ध्या घटकेच्या आंत सारें घर तिच्याभोंवतीं गोळा होतें. गेल्या वर्षीं आमच्या कुटुंबाच्या कचेरीसाठीं अशी एक पेटी बेताच्या किंमतींत निवडण्याचें काम आमच्याकडे आलें. त्या निमित्तानें जो शोध झाला, जी चर्चा झाली आणि जो थोडासा गृहकलह झाला, त्यांतून निघालेलें सार आमच्यासारखाच लहान धंदा चालविणाऱ्या वाचकांस उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

आमची कचेरी म्हणजे कांहीं मोठी पेढी नव्हे. पुण्याच्या सदाशिव पेठेंतील एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर, दोन खोल्यांत, हिशेब लिहिण्याचें व कर भरून देण्याचें काम आमच्या वडिलांच्या वेळेपासून चालत आलें आहे. पूर्वीं बासनांत बांधलेल्या चोपड्या असत, आतां सहा संगणक आहेत, फरक इतकाच. आमचे थोरले बंधु, ज्यांस सारें घर नाना म्हणतें, आम्ही स्वतः, आमची सूनबाई आणि चार कारकून एवढीं माणसें काम पाहतात. वरच्या दोन मजल्यांवर लहानथोर मिळून आमचें तेरा माणसांचें कुटुंब राहतें. इंटरनेटची जोडणी मात्र एकच. तीच खालीं कचेरीस आणि तीच वर घरास. एकत्र कुटुंबांत चूल एक असते, तशीच हीही एक, आणि चुलीवरून जे वाद होतात ते हिच्यावरूनही होतात.

राउटर काय करतो हें समजल्याखेरीज तो कसा निवडावा हें कळणार नाहीं. ज्यांनीं जुना वाडा पाहिला आहे त्यांस दिंडीदरवाजाच्या आंतल्या बाजूची देवडी आठवत असेल. तेथें बसलेला पहारेकरी येणारास ‘कोणाकडे जावयाचें?’ म्हणून विचारी, आंतल्या माणसांचे निरोप बाहेर पोंचवी आणि अनोळखी माणसास चौकांत पाऊल टाकूं देत नसे. राउटरचें काम तेंच आहे. इंटरनेटवरून जाणारा कोणताही मजकूर, मग तो अशिलाचें विवरणपत्र असो कीं नातवाचा खेळ असो, लहान लहान पाकिटांत फोडून पाठविला जातो, आणि प्रत्येक पाकिटावर पाठविणाराचा व घेणाराचा पत्ता असतो. बाहेरच्या जगाला आमच्या साऱ्या वाड्याचा पत्ता एकच दिसतो. आंतल्या वीस-पंचवीस उपकरणांपैकीं कोणीं काय मागितलें होतें व आलेलें उत्तर कोणाच्या हातीं द्यावयाचें, याची नोंद ही पेटी ठेवते. कोणीं न मागतां आलेलें पाकीट ती सामान्यतः दारांतच अडविते.

हें काम करणारें यंत्र पन्नास वर्षांहून जुनें आहे. अमेरिकेंत लॉस एंजेलिस येथील विद्यापीठांत १९६९ सालीं त्या जातीचें पहिलें यंत्र बसविलें गेलें, तें एखाद्या कपाटाएवढें होतें. त्या वर्षीं २९ ऑक्टोबर रोजीं तेथून स्टॅनफर्डच्या संशोधन-संस्थेकडे ‘लॉगिन’ हा शब्द धाडण्याचा प्रयत्न झाला. त्यांतील पहिलीं दोन अक्षरें पोंचलीं आणि पलीकडचा संगणक बंद पडला. आपल्या देशांत सामान्य जनतेस इंटरनेट मिळूं लागलें तें १५ ऑगस्ट १९९५ पासून. तेव्हांपासूनच्या काळांत कपाटाएवढें तें यंत्र पुस्तकाएवढें झालें, आणि त्याच्या भरंवशावर आमच्यासारख्यांचीं पोटें चालूं लागलीं.

आमच्याकडे नवी पेटी घेण्याचा प्रसंग कसा आला तें थोडक्यांत सांगतों. १ जुलै २०१७ पासून देशांत वस्तु व सेवा कर सुरू झाला आणि हिशेबनिसांच्या पंचांगांत एका नव्या तिथीची भर पडली. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्याचें ‘तीन बी’ नांवाचें पत्रक पुढील महिन्याच्या २० तारखेपर्यंत दाखल व्हावें लागतें. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये, उलाढाल मुळींच नसल्यास २० रुपये, असें विलंबशुल्क पडतें. शिवाय थकलेल्या करावर सालीना १८ टक्के व्याज. गेल्या वर्षीं अशाच एका २० तारखेस सायंकाळीं आमच्या हातीं बावीस अशिलांचीं पत्रकें शिल्लक होतीं. वरच्या मजल्यावर आदल्याच दिवशीं मंडळी एका लग्नाहून परतली होती, आणि चार मोबाईलांतील चित्रणें आपोआप दूरच्या साठवणींत चढूं लागलीं होतीं. खालीं पत्रक दाखल करण्यासाठीं कळ दाबावी, तों पडद्यावर नुसतें चक्र फिरत राही. अखेर सूनबाईनें आपल्या मोबाईलच्या जोडणीवरून एकेक पत्रक धाडलें आणि रात्रीं साडेअकरास शेवटचें गेलें.

बावीस पत्रकांचें एका दिवसाचें शुल्क ११०० रुपये होतें. तेवढ्यानें आम्ही कांहीं बुडालों नसतों. परंतु ज्यानें आमच्यावर भार टाकला त्यानें त्या रात्रीं निश्चिंत झोपावें, हाच या धंद्याचा पाया आहे. वडील म्हणत असत कीं, अशिलाचा कागद ही ठेव आहे. ती वेळेवर पोंचली पाहिजे आणि भलत्याच्या दृष्टीस पडतां कामा नये. या दोन अटींपैकीं पहिली त्या दिवशीं मोडतां मोडतां राहिली. दुसरी आपण किती पाळतों, हा विचार त्यानंतर मनांत आला, आणि खरें पाहतां तोच अधिक महत्त्वाचा होता.

जोडणी पुरविणाऱ्या कंपनीच्या माणसास विचारलें, तेव्हां त्यानें अधिक वेगाची आणि अधिक भाड्याची योजना सुचविली. नानांचा स्वभाव असा कीं, दुखणें कळल्याशिवाय ते औषध घेत नाहींत. सूनबाईनें हिशेब मांडून दाखविला. आमची जोडणी सेकंदाला ४० मेगाबिटांची. आठ बिटांचा एक बाईट होतो, म्हणजे सेकंदाला ५ मेगाबाईट. चार मोबाईलांत मिळून ४० गिगाबाईट चित्रण असलें, तर रस्ता सर्वस्वीं मोकळा असतांनाही त्यास सव्वादोन तासांच्या आसपास वेळ लागणार. वेग दुप्पट केला तर तासाभराचें दुखणें राहील, जाणार नाहीं. पत्रक असतें तें चिठ्ठीएवढें. पण तें चित्रणांच्या गाठोड्यांमागें रांगेंत उभें राहतें. टपालकचेरीच्या खिडकीशीं एकानें दोनशें पार्सलें आणून ठेवावीं आणि मागच्यास नुसतें एक पोस्टकार्ड हवें असावें, तसा हा प्रकार. या दुखण्यास अमेरिकन तंत्रज्ञ जिम गेटिस यांनीं २०१० च्या सुमारास ‘बफरब्लोट’ असें नांव दिलें. म्हणजे रांगेची जागा फाजील फुगल्यामुळें होणारा खोळंबा. २०१२ सालीं कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनीं त्यावर ‘कोडेल’ नांवाची रीत प्रसिद्ध केली. तिच्या पुढच्या सुधारणा चांगल्या राउटरांत असतात. त्या चिठ्ठीवाल्यास गाठोडेंवाल्याच्या मागें तिष्ठत ठेवीत नाहींत. कंपनीनें जोडणीबरोबर दिलेल्या आमच्या पेटींत ही सोय नव्हती. तेव्हां उणीव वेगाची नसून पहारेकऱ्याच्या अकलेची होती हें सिद्ध झालें.

आतां घरांत तीन पक्ष पडले. नानांचा पक्ष असा कीं, फुकट मिळालेली पेटी चालतेच आहे, मुलांना २० तारखेस मोबाईल बंद ठेवण्यास सांगावें. नानांचे चिरंजीव, म्हणजे आमचे पुतणे, यांचा पक्ष अगदीं उलट. त्यांनीं चोवीस हजार रुपयांच्या एका राउटरचें चित्र आणून दाखविलें; त्यास चहूंबाजूंनीं आठ शिंगें होतीं. “बाबा, एकदां घेतला कीं दहा वर्षें बघायला नको,” असें ते म्हणाले. त्यावर नाना म्हणाले, “अरे, आठ शिंगें आहेत म्हणून बैलाला चौपट कडबा घालायचा कीं काय? नांगरायचे आहेत दोनच बिघे!” सूनबाईचा तिसरा पक्ष असा कीं, आधीं कामाची यादी करावी आणि मग वस्तूकडे पाहावें. आमचें मत तिच्या बाजूनें पडलें, आणि पुढचे पंधरा दिवस आम्ही तो विषय धरून बसलों. त्यांत जें हातीं लागलें तें असें.

पेटीवर छापलेला मोठा आंकडा पाहून भुलूं नये. ‘ए.एक्स. १८००’ असें लिहिलेलें असतें, तेव्हां ग्राहकास वाटतें कीं सेकंदाला १८०० मेगाबिट आपल्या हातीं पडतील. वस्तुतः ही बेरीज असते. बिनतारी लहरींचे दोन पट्टे असतात, एक २.४ गिगाहर्ट्झचा व दुसरा ५ गिगाहर्ट्झचा. पहिल्याचे कागदोपत्रीं ५७४ आणि दुसऱ्याचे १२०१ मिळवून १७७५ होतात, आणि ते वर ढकलून १८०० लिहितात. एखादा मोबाईल सामान्यतः एका वेळीं एकाच पट्ट्यावर असतो, आणि प्रत्यक्षांत त्या पट्ट्याचाही निम्म्याच्या आसपासच लाभ मिळतो. शिवाय बाहेरून येणारी जोडणीच ४० किंवा १०० मेगाबिटांची असेल, तर आंतल्या हजारांचा उपयोग काय? विहिरीला पाणी बेताचें असतांना मोट मोठी बांधून मळा अधिक भिजत नाहीं.

उलट ज्याची जाहिरात होत नाहीं, तें पाहावें. पेटीच्या पाठीमागें तारा खोंचण्याचीं जीं तोंडें असतात तीं १०० मेगाबिटांचीं आहेत कीं १००० ची, हें विचारावें. स्वस्त पेट्यांत बिनतारी आंकडा बाराशेंचा आणि मागचीं तोंडें शंभराचीं, असा प्रकार आढळतो. अशी पेटी घेतली तर उद्यां तीनशेंची जोडणी घेऊनही हातीं शंभराच्या आंतच पडेल. हजाराच्या तोंडांसाठीं फार पैसे अधिक पडत नाहींत; पण तें न पाहतां घेतल्यास दोन वर्षांनीं सारी पेटी बदलावी लागते. बिनतारी पद्धतीच्या पिढ्यांविषयींही असेंच. सहावी पिढी २०१९ पासून व सातवी २०२४ पासून प्रमाणित झाली. आमच्या कचेरीस सहावी भरपूर आहे. सातवीसाठीं अधिक पैसे मोजावेत असें एकही उपकरण आमच्या घरांत नाहीं.

जुन्या वाड्यांत राहणाऱ्यांनीं भिंतींचा विचार विशेष करावा. आमच्या भिंती दीड-दोन फूट जाड आहेत. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान खऱ्या, पण त्या अशा भिंतीपुढें हात टेंकतात, २.४ च्या लहरी अधिक दूर जातात, परंतु त्या पट्ट्यावर शेजारपाजारची व स्वयंपाकघरांतील मायक्रोवेव्ह भट्टीचीही गर्दी असते. आठ शिंगांचा राउटरही या भिंतींपुढें हतबल होतो, हें चिरंजीवांस त्यांच्याच मोबाईलावर दाखवावें लागलें. यावर जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे तार. कचेरींतील जे संगणक जागचे हलत नाहींत त्यांस तारच द्यावी. साध्या प्रतीची केबलही शंभर मीटरपर्यंत हजार मेगाबिट बिनतक्रार वाहून नेते. ती भिंतीस भीत नाहीं आणि तिचा पासवर्ड कोणी विचारीत नाहीं. पेटी लोखंडी कपाटाच्या मागें कोंडूं नये, मोकळ्यावर ठेवावी. सगळें काम एकाच पेटीवर न लादतां, देवडी सांभाळणारा राउटर वेगळा आणि मजल्यामजल्यावर लहरी पसरविणारें साधें यंत्र वेगळें, अशी विभागणी केली तर मोठ्या जागेंत कमी पैशांत अधिक काम होतें. त्यांपैकीं एक बिघडलें तर तेवढेंच बदलतां येतें.

येथवर वेगाचें झालें. आतां पहाऱ्याचें. राउटर हा स्वतःच एक लहान संगणक आहे. त्याच्याही आंत आज्ञावली असते, तींत उणिवा सांपडतात, आणि चोरांचें लक्ष त्या उणिवांवर असतें. ब्राझील देशांत २०११ च्या सुमारास ४५ लाख घरगुती मोडेमांत असा शिरकाव झाला. चोरांनीं त्यांतली एकच गोष्ट बदलली. नांवावरून पत्ता सांगण्याचें काम जें यंत्र करतें, त्याच्या जागीं त्यांनीं आपलें यंत्र नेमलें. मालकानें आपल्या पेढीचें नांव अचूक टंकावें आणि पेटीनें त्यास हुबेहूब तशाच दिसणाऱ्या चोराच्या दुकानांत नेऊन सोडावें, असा तो डाव. संगणक निर्दोष, माणूस सावध, आणि तरी पैसे गेले. कारण देवडीवरचा माणूसच फितूर झाला होता. पुढें २०१६ सालीं ‘मिराई’ नांवाच्या उपद्रवी आज्ञावलीनें लाखों कॅमेरे व राउटर आपल्या कह्यांत घेतले. तिची युक्ति पाहून हंसावें कीं रडावें कळत नाहीं. कारखान्यांतून निघतांना यंत्रांना जीं ठरीव नांवें व पासवर्ड दिलेले असतात, त्यांच्या साठांच्या आसपास जोड्या तिच्याजवळ होत्या. ती दारोदार जाऊन त्या लावून पाही. ज्यांनीं कुलूप विकत घेऊन मूळची किल्ली तशीच कुलपाला राहूं दिली होती, त्यांचीं दारें उघडलीं. २१ ऑक्टोबर १९१६ नव्हे, २०१६ रोजीं याच बळकावलेल्या यंत्रांच्या झुंडीनें अमेरिकेंतील कित्येक मोठ्या संकेतस्थळांचा व्यवहार कांहीं तास विस्कळित केला. इतक्या अलीकडची ही गोष्ट आहे.

म्हणून आमच्या मतें दुकानदारास विचारावयाचा पहिला प्रश्न ‘वेग किती?’ हा नसून ‘या पेटीच्या आज्ञावलीची डागडुजी कारखाना किती वर्षें करणार?’ हा होय. ब्रिटनमध्यें २९ एप्रिल २०२४ पासून अमलांत आलेल्या कायद्यानें घरगुती यंत्रांना सरसकट एकच सोपा पासवर्ड देण्यास बंदी केली आहे, आणि सुरक्षिततेची डागडुजी निदान कोठपर्यंत मिळेल हें जाहीर करणें बनविणारास भाग पाडलें आहे. आपण पुण्यांत बसूनही तोच प्रश्न विचारावा. दुकानदारास ठाऊक नसलें तर कारखान्याच्या संकेतस्थळावर त्या नमुन्याची शेवटची डागडुजी केव्हां झाली तें पाहावें. दोन-तीन वर्षांत एकही झाली नसेल, तर ती पेटी अर्ध्या किंमतींतही महाग समजावी. ज्यांच्या घरांत जाणतें माणूस आहे, त्यांस आणखी एक मार्ग आहे. ‘ओपन-डब्ल्यू-आर-टी’ नांवाची फुकट आज्ञावली २००४ पासून जगभरचे स्वयंसेवक सांभाळीत आले आहेत. कारखान्यानें हात झटकल्यावरही कित्येक जुन्या पेट्या तिच्या आधारें वर्षानुवर्षें काम देतात. मात्र घेण्यापूर्वीं आपली पेटी त्यांच्या यादींत आहे कीं नाहीं हें पाहावें.

आतां गृहकलहाचा मुद्दा. आमच्या घरीं पाहुणा आला म्हणजे पाण्याच्या तांब्यामागोमाग तो वायफायचा पासवर्ड मागतो, आणि आजवर तो बिनदिक्कत दिला जात असे. नानांनीं एके दिवशीं हिशेब केला, तेव्हां आतेभावंडें, मुलांचे मित्र, नळदुरुस्तीवाला व शिकवणीचे मास्तर धरून चाळीसएक माणसांजवळ तो असावा असें निघालें. त्याच जाळ्यावर खालीं तीनशें अशिलांचे पॅन क्रमांक, बँकांचे उतारे आणि विवरणपत्रें. ज्याच्या मोबाईलांत कीड आहे असा एखादा पाहुणा सद्भावनेनेंच ओटीवर बसला, तरी त्याचा मोबाईल कचेरींतील संगणकांचीं दारें ठोठावूं शकतो. नानांनीं तत्काळ फर्मान काढलें कीं, यापुढें कोणासही पासवर्ड द्यावयाचा नाहीं. वहिनींना हें मुळींच रुचलें नाहीं. “दारीं आलेल्याला नाहीं म्हणायची या घराची रीत नाहीं. उद्यां जावईबापूंना काय सांगायचें? तुमच्यावर आमचा विश्वास नाहीं म्हणून?” असें त्या म्हणाल्या. नाना म्हणाले, “आणि अशिलाला काय सांगायचें? आमच्या घरीं पाहुणा आला होता म्हणून?” दोघांचेंही म्हणणें खरें होतें, म्हणूनच वाद चार दिवस चालला. घराचें अगत्य आणि धंद्याचें इमान यांपैकीं एकास रजा द्यावी लागेल असें दिसूं लागलें.

तो मिटविला सूनबाईनें. ती म्हणाली, “नाना, आपल्या वाड्याला ओटी आहे, माजघर आहे आणि तिजोरीची खोलीही आहे. ओटीवर बसवलेल्या पाहुण्याला तिजोरीच्या खोलींत नेलें नाहीं, म्हणून त्याचा कधीं अपमान झाला आहे का?” चांगला राउटर एकाच जोडणीचीं अशीं निरनिराळीं दालनें करूं शकतो. कचेरीचें जाळें वेगळें, घराचें वेगळें, पाहुण्यांचें वेगळें. पाहुण्यास बाहेरच्या साऱ्या जगांत हिंडतां येतें, पण आंतल्या दुसऱ्या दालनांत डोकावतां येत नाहीं. दारावरील कॅमेरा आणि दूरदर्शन-संच यांनाही पाहुण्यांतच बसवावें; तीं यंत्रें फारशीं विश्वासू नसतात. ही सोय स्वस्तांतील स्वस्त पेट्यांत एक तर नसते किंवा नुसती नांवाला असते. कचेरीच्या कामासाठीं ती असल्यावांचून राउटर घेऊं नये, असें आम्ही आग्रहानें सांगूं. आतां वहिनी पाहुण्यांचा पासवर्ड मोकळ्या मनानें देतात, आणि कचेरीचा पासवर्ड त्यांना स्वतःलाही ठाऊक नाहीं याचें त्यांस कांहीं वाटत नाहीं.

शेवटीं आम्हीं काय घेतलें? हजाराचीं पांच तोंडें असलेला, दालनें पाडणारा व रांग सांभाळणारा तारेचा राउटर ५६०० रुपयांस. लहरी पसरविणारीं सहाव्या पिढीचीं दोन यंत्रें, एक कचेरीसाठीं व एक वरच्या मजल्यासाठीं, ६४०० रुपयांस. तार व ती घालण्याची मजुरी १८००. आणि वीज गेली तरी पेटी चालूं राहावी म्हणून बारा व्होल्टचा छोटा यू.पी.एस. १३०० रुपयांस. एकूण १५१०० रुपये. कंपनीची फुकट पेटी टाकून दिली नाहीं. तिला नुसत्या पुलाचें काम देऊन राउटरचें काम काढून घेतलें. कंपनी ही मुभा देते कीं नाहीं हें मात्र नवी पेटी घेण्याच्या आधीं विचारून ठेवावें. रकमेचा आंकडा ऐकून नानांनीं कपाळास आंठ्या घातल्या, पण लागलीच कागद ओढून भागाकार केला. पांच वर्षें धरलीं तर महिन्याला सुमारें २५२ रुपये. “कचेरीच्या चहाला याहून अधिक जातात,” असें म्हणून त्यांनीं सही केली. वेगाची योजना आहे तीच ठेवली आहे. त्यानंतरच्या एकाही २० तारखेस चक्र फिरत बसलेलें नाहीं. पेट्यांचीं नांवें आम्ही मुद्दाम देत नाहीं, कारण नमुने दरवर्षीं बदलतात. विचारावयाचे प्रश्न तेच राहतात.

पेटी आणली म्हणजे काम संपलें असें नव्हे. पहिल्याच दिवशीं तिचा मूळचा पासवर्ड बदलावा. बाहेरगांवाहून तिची व्यवस्था पाहण्याची वाट बंद करावी. नुसतें बटण दाबून जोडून घेण्याची ‘डब्ल्यू.पी.एस.’ नांवाची सोय बंद ठेवावी. तिच्यांतील दोष २०११ मध्येंच उघड झाला आहे. कुलुपाची पद्धत ‘डब्ल्यू.पी.ए. ३’ असावी, जुनीं उपकरणें असल्यास निदान ‘२’. त्याहून जुनी नको. आमच्याकडे दर महिन्याच्या पहिल्या शनिवारीं सूनबाई डागडुजी आली आहे का तें पाहते आणि वहींत तारीख घालून सही करते. सारे पासवर्ड एका लिफाफ्यांत मोहोरबंद करून नानांच्या तिजोरींत ठेवले आहेत. जाणतें माणूस एकच असणें हाही एक धोकाच आहे. एखादा कारकून नोकरी सोडून गेला तर त्याच दिवशीं कचेरीचा पासवर्ड बदलतो. यांत त्याच्यावर अविश्वास नसतो, किल्ली परत घेण्याची ती रीत आहे.

काटकसर हा आमच्यासारख्या घरांचा स्वभावच आहे आणि तो सोडावा असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. परंतु काटकसर आणि स्वस्ताई या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जें लागत नाहीं तें न घेणें ही काटकसर. म्हणून आठ शिंगांचा राउटर आम्हीं घेतला नाहीं. जें लागतें तेंही न घेणें ही स्वस्ताई. तिचे पैसे बहुधा दुसरा कोणी तरी भरतो. आमच्या धंद्यांत तो दुसरा म्हणजे विश्वासानें कागद ठेवून गेलेला किराणा दुकानदार, शिंपी किंवा पेन्शनीवर जगणारी एखादी वृद्ध बाई. आमच्या देवडीवर कोणता पहारेकरी बसला आहे हें त्यांना कधीं कळणार नाहीं आणि तें विचारण्यास ते येणारही नाहींत. ते विचारीत नाहींत, म्हणूनच तें पाहणें आपल्याकडे आहे.